वीतभर अलीकडे

लाल टोपी गेनकिचींच्या डोक्यावर बसेना.

टोपी कुमेआजींनी स्वतः शिवली होती. चाळीस वर्षं ज्या डोक्याशी संसार केला त्याचं माप काय घ्यायचं, असं त्यांना वाटलं होतं. आता त्या नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहून दोन्ही हातांनी टोपी खाली ओढत होत्या आणि हात सोडला की टोपी पुन्हा वर सरकत होती.

"डोकं वाढलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "आत काही भर पडली म्हणावं, तर तशी लक्षणं दिसत नाहीत."

"अगं, साठी आहे माझी. आज तरी गोड बोल."

"साठी आहे म्हणूनच बोलतेय. साठी बुद्धी नाठी."

भिंतीलगत बसलेले नातलग खो खो हसले. साठी पुरी झाली की माणूस पुन्हा तान्हा होतो, म्हणून त्याला तान्ह्या बाळाची लाल बंडी नि लाल टोपी घालून मधोमध बसवायचं, ही रीत. गेनकिची आकुत्सुंना बंडी झकास शोभत होती. टोपीचं मात्र त्यांच्या डोक्याशी जमलं नाही ते नाहीच, आणि शेवटी ती कुरणातल्या उंच देठाच्या फुलासारखी डोक्यावर नुसती टेकून राहिली.

खरं महत्त्वाचं काम त्याआधीच उरकलं होतं. दुपारी सगळ्यांसमोर गेनकिचींनी कमरेची कापडी पिशवी सोडली, तिच्यातला घराचा शिक्का काढला आणि थोरल्या मुलापुढे ठेवला.

"आजपासून घर तुझं, तेइझो. मी आता फक्त जेवणार."

तेइझोने तीनदा वाकून शिक्का उचलला. चाळिशीला टेकलेला हा माणूस रंधा मारतानाही कपाळाला आठ्या घालायचा. शिक्का हाती आला तशी त्यांत आणखी एकीची भर पडली, कारण शिक्क्याबरोबर ओनुकींचं पत्रही त्याच्याकडे आलं होतं.

ओनुकी म्हणजे निक्कोचे लाकूडवाले. त्यांनी धाकट्या मुलासाठी तेइझोच्या मुलीला, तामाएला, मागणी घातली होती. मुलगा चांगला होता, हीच सगळी अडचण होती. वाईट असता तर नकार द्यायला कितीसा वेळ लागतो? सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. तेइझोने होकाराचा कागद लिहूनही ठेवला होता, फक्त त्यावर शिक्का उमटायचा राहिला होता, आणि तो उमटण्याच्या आड एकच गोष्ट होती. उद्या, रविवारी, उत्सुनोमियाच्या मैदानावर युरोपला जाणाऱ्या मुलींच्या संघाची निवड व्हायची होती. लांब उडीला हद्द ठरली होती सव्वापाच मीटर.

"सव्वापाच मारलीस तर जा," तेइझोने लेकीला सांगितलं होतं. "मी शब्द फिरवणार नाही. पण नाही जमलं, तर पहिला शिक्का या कागदावर."

तामाए अठरा वर्षांची होती आणि आजवर एकदाही सव्वापाचपर्यंत पोचली नव्हती.

*

"वन्सं, एक विचारू?" स्वयंपाकघरात फुसाने लाल चवळीचा भात वाढता वाढता हलक्या आवाजात म्हटलं. "जमेल का हो तिला?"

सेत्सुने भाचीची आई म्हणून फुसाकडे पाहिलं, आणि मग तेइझोची बायको म्हणून पाहिलं. या दोन बायका एकाच किमोनोत राहत होत्या आणि त्यांतली कुठली बोलते आहे हे सेत्सुला अठरा वर्षांत नीटसं कळलं नव्हतं.

"तुम्हांला जमायला हवंय का, वहिनी?"

"मला काय? हे म्हणतील ते." फुसाने भात थापला, इकडे तिकडे पाहिलं आणि फडताळामागून एक पुडकं काढून सेत्सुच्या हातात कोंबलं. आत गडद निळ्या कापडाची, गुडघ्यावर बसेल अशी उडीची चड्डी होती. शिवण इतकी बारीक की टाके शोधावे लागले असते. "शाळेची होती ती मांडीत घट्ट व्हायची. मी काही दिलेलं नाही हं तुम्हांला."

"मी काही घेतलेलं नाही," सेत्सु म्हणाली आणि पुडकं बाहीत सारलं.

सेत्सु तेइझोची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, उत्सुनोमियाच्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवते, आणि सणासुदीला घरी आली की भावाशी भांडते. तीन वर्षांपूर्वी तिने तामाएला ओढ्यावरून उडी मारताना पाहिलं आणि त्याच दिवशी तिला आपल्या शाळेत घालायचा हट्ट धरला. पोर उडायची खरी. आमच्या कानुमा गावची पिवळी, हलकी माती खड्ड्यात भरून सेत्सु तिच्याकडून सराव करून घ्यायची, आणि ती माती उडाली की वाटायचं, आज झालं, आज नक्की झालं. फीत धरली की पाच मीटर दहा. पाच मीटर सहा. पाच मीटर बारा.

कारण पाय फळीवर पडतच नव्हता. जमिनीत बसवलेली ती पांढरी फळी, जिच्यावर पाय देऊन उडायचं असतं आणि जिच्यापासून मोजतात, तिच्या बरोबर एक वीत अलीकडे तामाएचा पाय पडायचा, आणि पोर तिथूनच उडायची. सेत्सुने धावेची सुरुवात वीतभर पुढे घेतली. तामाएने शेवटचं पाऊल वीतभर आखूड केलं. दोन वीत पुढे घेतली, तरी तेच. डोळे तपासले. फळीला चुना लावला, मग चुना खरवडला. धाव मोजून दिली, गाणं म्हणायला लावलं, रागावून पाहिलं, लाडू खाऊ घातले. पाय काही ती वीत ओलांडेना.

"काय होतं गं तुला तिथे?" सेत्सु विचारायची.

"काही नाही आत्या. पाय आपोआप थांबतो."

*

मासा आणायची वेळ झाली. साठीचा मासा लालच लागतो, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा. भला थोरला मासा तबकात घालून फुसाने तो लेकीच्या हाती दिला. "पाव्हणे थांबलेत, पाय उचल."

तामाएने पाय उचलले. ओसरीवरून ती झपाझप आली, दाराशी आली, आणि तातामीच्या चटईवर मांडी घालून साकेची कुपी रिकामी करण्यात गुंतलेल्या सेत्सुचे डोळे नेमके पोरीच्या पायांकडे गेले.

"थांब!"

तामाए जागीच थबकली. मासा तबकात चार बोटं पुढे गेला.

"मागे जा," सेत्सु म्हणाली. "पुन्हा ये. तशीच."

"सेत्सु, मासा थंड होतोय," तेइझो म्हणाला.

"होऊ दे. जा गं. आता जरा पळत ये."

तामाए पळत आली. सेत्सु आता पोटावर पालथी पडून, गाल तातामीला लावून बघत होती. शाळेतल्या बाईंनी असं पडावं हे बरोबर नव्हे, पण साके बरीच झाली होती. तिने पोरीला तिसऱ्यांदा पाठवलं, चौथ्यांदा पाठवलं. चौथ्या फेरीत माशाची शेपटी गळाली.

"अपशकुन!" कुणीतरी पुटपुटलं.

"शेपटी मला चालेल," कुमेआजी म्हणाल्या. "पण पोरी, या बाईला झालंय काय?"

सेत्सु उठून बसली. तिचा गाल एका बाजूने लाल झाला होता आणि डोळे लकाकत होते. "तामाए, ती फळी तुला कशी दिसते? धावताना? खरं सांग."

"कशी म्हणजे... आडवं लाकूड. जमिनीत बसवलेलं. आणि त्याच्या पलीकडे..." तामाए दारातच उभी होती. तिने खाली पाहिलं. तिच्या पायाचा अंगठा आणि उंबरा यांच्यात एक वीत मोकळी जमीन होती. तबक हातात तसंच धरून ती हळूच म्हणाली, "अगं बाई."

आता हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं, की उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो. उंबरा म्हणजे घरच्या कर्त्याचं डोकं. पण दुसऱ्यांच्या घरी पोरं विसरतात, आया ओरडतात, आणि पुन्हा विसरतात. आकुत्सुंची गोष्ट वेगळी होती. कानुमातल्या अर्ध्या घरांची सरकती दारं आणि त्यांचे उंबरे आकुत्सुंच्या हातचे. गेनकिची कामावर बसल्या जागी, पाठ दाराकडे असताना, नुसत्या आवाजावरून ओळखायचे की कुणाचा पाय उंबऱ्यावर पडला, आणि मग बांबूची मोजपट्टी घोट्यावर बसायची. फार जोरात नाही. पण चुकायची कधीच नाही. तामाए दीड वर्षाची असताना तिला पहिली पट्टी बसली, आणि तिसऱ्या वर्षानंतर पुन्हा कधी बसायची वेळच आली नाही.

गेनकिचींच्या डोक्यावरची टोपी घसरून मांडीवर पडली तरी त्यांनी उचलली नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, "पोरीची वीत मी खाल्ली?"

"बाबा, तसं नाही..." सेत्सु म्हणाली.

"तसंच आहे." ते उठले. गुडघे कडकडले. लाल टोपी हातात घेऊन ते दाराशी गेले आणि ती त्यांनी उंबऱ्याच्या मधोमध ठेवली. "हे माझं डोकं. दे पाय."

"आजोबा!"

"दे म्हणतो ना. चांगला जोरात दे. उद्यासाठी लागेल."

तामाएने तबक आईकडे दिलं आणि पाय उचलला. तिला द्यायचाच होता. त्या एका वितीपलीकडे युरोपची आगगाडी होती, सायबेरिया होता, जगभरच्या उडणाऱ्या मुली होत्या, आणि अलीकडे निक्कोचा चांगला मुलगा होता. पाय लाकडाच्या बोटभर वर गेला आणि तिथेच राहिला. तिने दात आवळले. कपाळावर घाम आला. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तिचं काही ऐकत नव्हता.

"नाही येत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"हात्तिच्या," कुमेआजी म्हणाल्या. "त्यात काय आहे? मी तर चाळीस वर्षं देतेय."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"ह्यांचा राग आला की देते," आजी शेपटीचा काटा काढत म्हणाल्या. "सासूबाई होत्या तेव्हा रोज द्यायचे. हल्ली महिन्यातून दोनदा. फार बरं वाटतं."

"आई!" तेइझो म्हणाला. त्याला जणू कुणी थंड पाण्यात ढकललं होतं.

गेनकिचींनी बायकोकडे पाहिलं. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

आता आजींच्या हातातला काटा थांबला. "काय ठाऊक आहे?"

"डावा पाय. नेहमी डावा. लाकूड बोलतं ना. आवाज आला की मी समजायचो, आज आपलं काहीतरी चुकलं. मग संध्याकाळी बाजारातून भाताचे गोड गोळे आणायचो, तुला आवडतात ते."

कुमेआजींचं तोंड उघडं राहिलं. चाळीस वर्षांत त्यांना उत्तर न सुचण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती पाहायला मिळाली म्हणून आख्खी खोली हसून लोटपोट झाली. फुसासुद्धा हसली, तोंडावर बाही धरून. हसली नाही ती तामाए. ती अजून एका पायावरच उभी होती.

"पण आजोबा," ती म्हणाली, "हे डोकं आता तुमचं राहिलेलं नाही."

हसू विरलं. दुपारी शिक्का कुणाकडे गेला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एकेक नजर तेइझोकडे वळली.

तेइझो बसल्या जागी ताठ झाला. "नाही," तो म्हणाला.

"दादा, एकदा नुसतं म्हण..."

"नाही म्हणजे नाही, सेत्सु. घर हातात येऊन चार तास झाले नाहीत. गाव काय म्हणेल? आकुत्सुंनी उंबरे विकावेत आणि आपल्या घरी तुडवावेत?" तो उठला, वाकून पाहुण्यांची क्षमा मागितली, आणि उंबरा नीट ओलांडून कारखान्यात निघून गेला. थोड्याच वेळात रंध्याचा आवाज येऊ लागला. साठीच्या दिवशी कुणी काम करत नाही.

"दगड आहे नुसता," सेत्सु म्हणाली.

"त्याच्यावर रागावू नकोस." गेनकिचींनी टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर टेकवली. "नवं आहे. बसायला वेळ लागतो."

रोज चार वाजता फुसा कारखान्यात नवऱ्याला चहा नेऊन देई. त्या दिवशी चार वाजून गेले, साडेचार झाले. चहा काही गेला नाही. तेइझोने दोनदा दाराकडे पाहिलं. मग तो पुन्हा रंध्याला लागला.

*

उत्सुनोमियाला तेइझो नवी हॅट घालून गेला. घरच्या कर्त्याला हॅट हवी म्हणून त्याने ती महिन्याआधीच घेऊन ठेवली होती. बाहीत ओनुकींना द्यायचा कागद होता, कमरेला शिक्का होता. स्टेशनजवळ टपाल कचेरी आहे, हे त्याने गाडीतून उतरतानाच पाहून ठेवलं. बायको त्याच्याशी सकाळपासून अतिशय नम्रपणे बोलत होती, आणि नम्र फुसापेक्षा वाईट गोष्ट या जगात दुसरी नाही हे त्याला ठाऊक होतं.

मैदानाच्या कडेला दोर बांधला होता. आकुत्सु मंडळी वाळूच्या खड्ड्याजवळ उभी राहिली. गेनकिचींनी लाल बंडी काढायला नकार दिला होता, त्यामुळे लोक वाट देत होते. नऊ मुली होत्या, प्रत्येकीला तीन उड्या.

तेइझोने लेकीला उडताना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने आकडे ऐकले होते. पाच मीटर सहा, पाच मीटर दहा. आकड्यांवरून त्याला वाटलं होतं की पोर बऱ्यापैकी उड्या मारते, इतकंच.

तामाए धावत आली. निळी चड्डी, खिळ्यांचे बूट, मागे ओढून बांधलेले केस. शेवटचं पाऊल एकदम आखूड पडलं आणि ती जमिनीवरून सुटली. सुटली ती खाली येईचना. हात पुढे, गुडघे छातीशी, आणि ती अजून वरच. मग वाळू उडाली.

पंचांनी पांढरा बावटा दाखवला. दोघांनी फीत धरली. "पाच मीटर नऊ!"

"चूक मोजताय," तेइझो म्हणाला.

तो मोठ्याने बोलला होता. दोराजवळचे दोघेतिघे वळले.

"तिथून कुठे? ती उडाली इथून." तो बोट दाखवत होता. फळीच्या अलीकडे मातीत बुटाचा ठसा स्पष्ट होता. तीस वर्षं लाकडाचं माप नुसत्या नजरेने सांगणाऱ्या माणसाला तिथवर जायची गरज नव्हती. "आठ सुन. वीतभर. ही वीत कुठे गेली?"

"फळीपासून मोजतात, दादा. नियम आहे," सेत्सु म्हणाली.

"आणि पायापासून मोजलं असतं तर?"

"पाच मीटर तेहतीस."

"तीन वर्षं असंच?"

"तीन वर्षं. प्रत्येक वेळी."

तेइझो त्या ठशाकडे पाहत राहिला. तुकडा कापताना करवतीच्या पात्याइतकं लाकूड भुशात जातं, तेवढ्यानेही त्याचा जीव तुटायचा. आणि इथे वीतभर. अख्खी वीत पोरीने हवेत मारलेली, खरी, पुरी झालेली, आणि कुणी मोजली नाही. ती कुठे गेली हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घरच्या दाराशी पडली होती ती, त्याच्या घरच्या, त्याच्या डोक्याच्या अलीकडे. काल एक शब्द बोललो असतो तर, असं मनात आलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या उडीसाठी तामाएचं नाव पुकारलं. ती धावेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. इतक्या लांबूनही तिचे खांदे पडलेले दिसत होते.

"तामाए!"

तिने मान वर केली. तिला आवाज ओळखूच आला नाही, कारण बाबांनी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ते दोराला ओणवे झाले होते. नवी हॅट त्यांनी काढून आईच्या हातात कोंबली होती, आणि उन्हात त्यांचं मोठं, मधोमध विरळ झालेलं डोकं चमकत होतं. अगदी आजोबांचंच डोकं. बाबा त्यावर तळहाताने थापा मारत होते.

"इथे!" ते ओरडत होते. "इथे दे पाय! ऐकलंस का? मी सांगतोय! घरचा कर्ता सांगतोय!"

लोक माना उंचावून बघू लागले. एक पंच बावटा घेऊन दोन पावलं पुढे आला. तामाएच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला इतकं हसू फुटलं की पोट धरावं लागलं. मग ती सरळ उभी राहिली, बाबांच्या दिशेला कमरेतून खोल वाकली, आणि धावली.

ठक्!

गेनकिचींनी डोळे मिटून घेतले होते. मैदानावर एवढा गलका, तरी तो आवाज त्यांना नेमका ऐकू आला. "बोललं," ते म्हणाले. "लाकूड बोललं!"

लाल बावटा वर गेला. फळीच्या पलीकडच्या मऊ मातीत बुटाचं टोक अंगठाभर रुतलं होतं. उडी बाद.

आणि आकुत्सुंनी आनंदाने आरोळी ठोकली. फुसाने नवऱ्याची हॅट हवेत उडवली. सेत्सु, चाळीस मुलींची शिस्तीची बाई, कुमेआजींना उचलून गरगर फिरवू लागली. गेनकिची लाल बंडीत नाचत होते.

"अहो आजोबा," शेजारचा एक गृहस्थ कीव येऊन म्हणाला, "फाऊल झाला तो. मोजणार नाहीत."

"ठाऊक आहे हो!" गेनकिचींनी त्याचे दोन्ही हात धरले. "काय देखणा फाऊल! आयुष्यात असा फाऊल पाहिला होता का तुम्ही?"

"एवढ्या जोरात नाही गं!" तेइझो दोरावरून ओरडत होता, डोकं चोळत. "मधोमध! अंगठाभर मागे!"

तिसरी उडी शेवटची होती. तामाएने धावेची खूण अंगठाभर मागे घेतली. आता पोटात हसू नव्हतं, आणि भीतीही नव्हती. धावताना तिला ती फळी दुरून दिसली, पांढरी, आडवी, जमिनीत बसवलेली. पलीकडे खोली नव्हती, पाहुणे नव्हते. बाबा होते. तिने पाय दिला. लाकडाने तो खालून घट्ट धरला आणि मग जी उसळी मिळाली तशी तिला तीन वर्षांत कधी मिळाली नव्हती. हवेत असताना तिला वाटलं, अरे, इतका वेळ मिळतो होय इथे.

वाळू उडाली. पांढरा बावटा. फीत ताणली गेली. पंच वाकले, पुन्हा वाकले, आणि त्यांतल्या एकाने चष्मा पुसला.

"पाच मीटर एकतीस!"

या वेळी आरोळी आलीच नाही. फुसा मटकन खाली बसली आणि हॅटमध्ये तोंड खुपसून रडू लागली. कुमेआजी तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "रड बाई, रड. पण हॅट नवी आहे, नाक दुसरीकडे पूस."

*

संघाच्या लोकांनी छापील कागद दिला. मुलीला परदेशी पाठवायला घरच्या कर्त्याची संमती, इथे नाव, इथे शिक्का. गेनकिचींचा हात सवयीने कमरेकडे गेला, तिथे पिशवी नव्हती, आणि त्यांनी तो हात हळूच मागे नेला.

तेइझो फळीजवळ गेला. उड्या संपल्या होत्या, तिथे आता कुणी नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या लाकडात तामाएच्या बुटाच्या खिळ्यांची भोकं ताजी होती. त्याने त्यांवरून अंगठा फिरवला, सुतार फिरवतो तसा, न बघता.

"सहा," तो म्हणाला. "सहाही आत. एकही बाहेर नाही."

शिक्का नीट उमटायचा तर कागदाखाली काहीतरी मऊ हवं. त्याने बाहीत हात घातला, ओनुकींसाठी लिहिलेला कागद काढला, चार घड्या करून फळीवर ठेवला, त्यावर छापील कागद पसरला, शिक्क्याला शाई लावली, आणि दोन्ही हातांनी दाबून पहिला ठसा उमटवला. ठसा स्पष्ट उमटला. एक रेघही कुठे फिसकटली नाही.

तामाए येऊन शेजारी टेकली होती. केसांत वाळू, गुडघे खरचटलेले.

"बाबा, लागलं का?"

"काय?"

"डोकं."

तेइझोने भोकांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या, पण त्यांच्या खाली तो हसत होता.

"युरोपातही फळ्या लाकडाच्याच असतील ना?" त्याने विचारलं.

"असतील की."

"मग तिकडेही माझंच डोकं समज. आणि पाय द्यायला लाजू नकोस."